खाडीची कड

कॉलेज कुठलं ते मी सांगणार नाही. सांगितलं की त्या माणसाचं नाव आपोआप निघेल, आणि माझ्या हातून त्याचं नाव छापून यावं एवढी त्याची लायकी नाही. जिल्हा बुलढाणा, एवढं पुरे. समुद्रापासून इतका लांब की आमच्याकडे मीठ सोडलं तर समुद्राचं काही पोचत नाही. अशा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात, ऐंशीचं दशक संपत आलं असताना, कोकणातल्या एका खाडीचा आकार माणसानं कसा बदलला हे कम्प्युटरवर शोधून काढायचं काम चाललं होतं. ते काम मी करत होते. खाडी मी पाहिलेली नव्हती. सरांनीही पाहिलेली नव्हती.

सर म्हणजे भूगोलाचे प्राध्यापक. मोठ्या जमीनदार घरातले. वरवट बकालकडून पूर्णेच्या बाजूला उतरलं की नदीच्या वळणावर त्यांच्या घराण्याची काळीभोर जमीन पसरलेली होती. त्यांना डॉक्टरेटची घाई झाली होती, कारण त्यांच्या मागून नोकरीला लागलेला एक जण आधीच डॉक्टर होऊन विभागप्रमुखाच्या खुर्चीकडे बघायला लागला होता. कोकणातल्या एका प्राध्यापकांनी त्यांना मार्गदर्शन करायचं कबूल केलं आणि विषयही दिला. खाडी त्यांच्याकडे होती आणि कम्प्युटर आमच्याकडे, असा तो सोयीचा संसार होता. मार्गदर्शक महाशय आलेल्या कागदांवर न वाचता सही करून परत पाठवायचे, आणि सर त्या सहीला प्रोत्साहन म्हणायचे.

कम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. यंत्र आलं त्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता, त्या पाण्याचा डाग सतरंजीवर तसाच होता. कॉलेजातला एकुलता एक एसी त्या खोलीत. बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं, आणि आत मी बाबांचं जुनं स्वेटर घालून बसायचे. काम सांगायला सोपं होतं. जुन्या सर्व्हेच्या नकाशावर चौकटींचा पारदर्शक कागद ठेवायचा. खाडीची कड जिथून जाते तिथला एकेक बिंदू आडवा किती नि उभा किती ते वाचायचं आणि यंत्रात टाइप करायचं. समुद्राकडच्या तोंडापासून एका काठानं आत जायचं, दुसऱ्या काठानं परत यायचं. मग हेच सगळं उपग्रहानं काढलेल्या नव्या चित्रावर. गणिताच्या एका प्राध्यापकांनी प्रोग्रॅम लिहून दिला होता. तो दोन्ही कडा पडद्यावर एकावर एक काढायचा, ठिकठिकाणी रुंदी मोजायचा आणि कुठं किती फरक पडला ते छापून द्यायचा. मधेच लाइन गेली की टाइप केलेलं सगळं पुसलं जायचं, आणि लाइन आमच्याकडे रोज जायची.

तरी मला ते काम आवडायचं. काळ्या पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची रेघ पुढं सरकायला लागली की मी खुर्चीच्या टोकावर यायचे. तोंडाशी रुंद, आत आत निमुळती, नरसाळ्यासारखी ती खाडी माझ्या बोटांतून उतरायची. तिचं प्रत्येक वळण मला पाठ झालं होतं. नांदुऱ्याच्या बसमध्ये खिडकीच्या काचेवर मी ती बोटानं काढत असे आणि शेजारची बाई मला वेडी समजून जरा सरकून बसत असे.

आवडण्याचं दुसरं कारण जास्त मोठं होतं. मी हंगामी होते. प्रयोगशाळा सहायकाची एक जागा निघणार होती आणि सर संस्थाचालकांच्या रोजच्या उठण्याबसण्यातले. ‘डॉक्टरेट होऊ दे, ती जागा तुझीच समज,’ असं ते मला दर आठवड्याला सांगायचे. मी ते घरी येऊन बाबांना सांगायचे.

बाबा रेल्वेत गँगमन होते. नांदुऱ्याच्या अलीकडं पलीकडं रुळाखालची गिट्टी ठोकायची, असं त्यांचं आयुष्य गेलं. त्यातली कितीतरी वर्षं हंगामी. कामावर घ्यायचे, काढायचे, पुन्हा घ्यायचे. घ्यायच्या वेळी मुकादमाच्या दारात उभं राहायचं आणि काढायच्या वेळी तोंड बंद ठेवायचं. ते शेवटी पक्के झाले तेव्हा मी शाळेत होते, आणि त्या दिवशी त्यांनी आमच्या बौद्धवस्तीत घरोघरी जाऊन स्वतःच्या हातानं पेढे वाटले होते. ‘परमनंट’ हा शब्द ते इतक्या आदरानं उच्चारायचे की लहानपणी मला ती एखादी पदवी वाटायची. वस्तीतली कॉलेज शिकलेली मी पहिली मुलगी. आता मुलगी कॉलेजातच परमनंट होणार म्हटल्यावर त्यांची झोप उडाली होती.

“करतीन ना बाप्पा सर?” ते रोज विचारायचे.

“करतो म्हणाले.”

“मंग त्यायच्या शब्दाबाहेर जाऊ नको, माय. मोठे लोक हायेत. ते म्हनतीन तसं.”

एक दिवस उपग्रहाचं चित्र लांब नळकांड्यातून आलं. मी ते टेबलावर पसरलं आणि चारी कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले. पाणी गडद निळं, झाडी लाल. पण निळ्या आणि लाल रंगाच्या मधे, दोन्ही काठांनी, फिकट करड्या रंगाचा एक रुंद पट्टा होता. मी सरांना विचारलं, “सर, हे पाणी धरायचं की जमीन?”

सरांनी भिंग लावून पाहिलं. “चिखल आहे तो.”

“मग कड कुठं धरू?”

तेव्हा ते हसले. एरवी ते माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी खूश होते म्हणून घरची भाषा तोंडात आली. “पूर्णेकाठची ना तू? पानी सोडून गेलं का जमीन. गाळपेर मालूम नाही का तुले?”

गाळपेर मला चांगली माहीत होती. दिवाळीनंतर पूर्णेचं पाणी उतरायला लागलं की वळणावर काळा गाळ उघडा पडतो. त्यात पेरलं की काहीही येतं. काठावर ज्याची जमीन, तो पुढं होऊन त्या गाळात बाभळीच्या काट्यांचं कुंपण रोवतो आणि नांगर घालतो. सरांच्या घराण्याचं वळण सगळ्यांत मोठं, त्यामुळं कुंपणही सगळ्यांत लांब. नदी मागं सरायचा अवकाश, यांचे गडी काट्या घेऊन पुढं. नदीत मासे धरणाऱ्या भोयांनी तिथं टरबुजाच्या वाड्या लावलेल्या असल्या तर त्या वाड्यांवरून नांगर फिरायचा, आणि भोई काठावर उभे राहून बघायचे. हे मी लहानपणी मामाच्या गावी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या घरात जन्मलेल्या माणसाला चिखल दिसला की जमीनच दिसणार, दुसरं काय दिसणार?

सरांनी लाल पेन्सिल घेतली आणि चिखलाच्या आतल्या बाजूनं, जिथं निळं सुरू होत होतं तिथून, खाडीची कड स्वतःच्या हातानं आखून दिली. एका दमात, तोंडापासून शेवटपर्यंत. ती रेघ बघून मलाही ते बरोबरच वाटलं, खोटं कशाला बोलू? आमच्याकडे पाणी गेलं म्हणजे गेलं. ते दुपारी परत येतं, हे कोणाच्या स्वप्नात येणार?

जुन्या नकाशावर मात्र कड भरतीच्या पाण्याची होती. ठळक, एकच रेघ, चिखलाच्या बाहेरून गेलेली. तिच्या आत चिखलासाठी बारीक ठिपके होते. मी तेही दाखवले. सर म्हणाले, “छपाईतली घाण आहे ती. सोड.” मी सोडली. एका चित्रात पाणी भरलेली खाडी आणि दुसऱ्यात रिकामी झालेली खाडी, अशी आम्ही दोन्ही एकमेकींशेजारी मांडली आणि कम्प्युटरला फरक काढायला सांगितलं. कम्प्युटर बिचारा सांगितलेलं करतो.

पडद्यावर दोन कडा उमटल्या तेव्हा सर टाळी वाजवून उभे राहिले. जुनी खाडी ऐसपैस आणि नवी तिच्या पोटात वाळून गेलेली. “गिळली!” ते ओरडले. “माणसानं खाडी गिळली!” मग कारणं शोधायला फार वेळ लागला नाही. काठावर खारं पाणी अडवायला घातलेले खारभूमीचे बांध होते, एक पूल होता, होड्या लागायचा एक धक्का होता. सगळा चिखल त्यांच्या नावावर टाकला. माणसाच्या हावेवर सरांनी एक अख्खं प्रकरण लिहिलं, आणि मी ते टाइप केलं. पाणी हटताच पुढं सरकणाऱ्या काटेरी कुंपणांबद्दल त्यात अर्थातच काही नव्हतं.

मी एकदा म्हणाले होते, “सर, एकदा जाऊन पाहायचं का?”

“मग कम्प्युटर कशाला आणला?” सर म्हणाले.

त्या वर्षी भूगोलाच्या प्राध्यापकांची परिषद भरली ती खाडीपासून जवळच्याच एका गावी. सरांचा निबंध सकाळीच होता. मला त्यांनी चित्रांच्या पारदर्शक पट्ट्या सांभाळायला आणि एकेक करून प्रोजेक्टरच्या दिव्यावर ठेवायला नेलं. नेलं म्हणजे, ते पुढच्या डब्यात आणि मी मागच्या. रेल्वेतून उतरून पुढं बसनं जाताना खिडकीतून झाडांच्या मधे समुद्राचा एक तुकडा चमकून गेला, तेवढाच मी पाहिला. सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत सरांचे मार्गदर्शक बसले होते. त्यांनी मला बघून मान हलवली आणि मला फार बरं वाटलं.

सर छान बोलले. ते बोलतातच छान. हिरव्या कडा पडद्यावर आल्या, जुनी आणि नवी, तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. मला वाटलं, ही आपल्या कामाची वाहवा आहे. मग मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. कुठल्याशा किनाऱ्यावरच्या कॉलेजातल्या प्राध्यापिका होत्या, बारीक काडीचा चष्मा, आवाज अगदी सौम्य. त्यांनी एकच विचारलं.

“सर, नवं चित्र घेतलं तेव्हा भरती होती की ओहोटी?”

मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना प्रश्न कळला आहे आणि उत्तर माहीत नाही, हे त्यांच्या मानेवरून मला दिसलं. मान लाल झाली होती. मी मार्गदर्शकांकडे पाहिलं. ते आपल्या बुटांकडे बघत होते. त्यांना उत्तर पडद्यावरची कड बघताक्षणी कळलं असणार, कारण ते त्या खाडीच्या काठावर वाढलेले होते. एकदा कागद उघडून बघायचे कष्ट घेतले असते तर पुढचं काही घडलं नसतं.

मग सरांनी माझ्याकडे हात केला. मी पुढची पट्टी हातात धरून उभी होते.

“हे आखायचं काम आमच्या या मुलीनं केलंय,” ते हसत म्हणाले. “बुलढाण्याकडची आहे. खेड्यातली पोर. समुद्र तिनं आज सकाळी बसमधून पाहिला. तिला बिचारीला भरती काय नि ओहोटी काय! चूक माझी, मी तिच्यावर विसंबलो.”

लोक हसले. दुष्टपणानं नाही. पोरासोरांकडं बघून हसतात तसं, कौतुकानं हसले, आणि तेच मला सहन झालं नाही. मी मोठ्यानं म्हणाले, “रेघ मी नाही मारली. सरनं मारली. लाल पेन्सिलीनं. मी इचारलं होतं त्यायले.”

आणि मग सभागृह पहिल्यापेक्षा जास्त हसलं. मी काय म्हणाले ते कोणी ऐकलंच नाही, कसं म्हणाले ते ऐकलं. पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला माझ्यासारखं बोलून दाखवत होता. घाबरले किंवा चिडले की माझी घरची बोली बाहेर येते, तशी ती आली होती. सरांनी दोन्ही हात पसरून लोकांकडे पाहिलं, आता मी काय सांगू तुम्हाला, असं. अध्यक्षांनी घंटी वाजवली. चष्म्याच्या बाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग खाली बसल्या. त्यांनीही काही केलं नाही.

मी पट्ट्या तिथंच टाकून बाहेर पडले आणि विचारत विचारत खाडीवर गेले. तो करडा पट्टा माझ्या समोर होता. ओला, काळा, खेकड्यांच्या भोकांनी भरलेला. होड्या त्यात एका अंगावर कलंडून पडल्या होत्या. मी एका दगडावर बसले. बसल्या बसल्या पाणी आलं. आवाज न करता आलं, आधी खाचांतून, मग सगळीकडून. होड्या एकेक करून सरळ झाल्या. मी वर्षभर जिला जमीन म्हणून टाइप केलं होतं ती सगळी पाण्याखाली गेली. आमच्या पूर्णेचं गेलेलं पाणी परत येत नाही, पुढच्या वर्षी येतं ते दुसरं असतं. इथं गेलेलंच परत येत होतं. मला रडू आलं नाही. मला एवढंच वाटलं, की हे बघायला एक दुपार पुरली असती.

परत आल्यावर मी कॉलेजात गेले तर खोलीच्या दाराला कुलूप होतं आणि शिपाई म्हणाला, “सर म्हनले, तुमचं काम नाही आता.”

बाबांना सगळं सांगितलं. चिखल, पेन्सिल, तो प्रश्न, हसणारी माणसं. ते जेवता जेवता थांबून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “तू चारचौघांत सराले खोटं पाडलं?”

“बाबा, चूक माझी नव्हतीच.”

“मले मालूम हाये तुही नव्हती.” ते चिडले नव्हते. रुळाचा बोल्ट ढिला आहे हे सांगावं तशा आवाजात म्हणाले. “ज्याची चूक असते त्याले काऊन पाय धरा लागतीन? ज्याची नसते त्यालेच धरा लागते. उद्या चाल माह्यासंगं.”

मी नाही म्हणाले. आई मधे पडली. बाबा सकाळी पांढरा शर्ट घालून दारात उभे राहिले, आणि मी गेले.

सर आपल्या घरी ओसरीत बंगईवर बसले होते. बंगई म्हणजे आमच्याकडचा झोपाळा. हातात पानाचा डबा. आम्हाला बघून त्यांनी पाय जमिनीला लावला नाही, बंगई हलतच राहिली. बाबा सरांपेक्षा वयानं मोठे. चपला त्यांनी फाटकापाशीच काढल्या होत्या.

“सर, लेकरू हाये. चुकलं. तोंडाची फटकळ हाये, पन मनानं तशी नाही.”

“हुशार आहे तुमची पोरगी,” सर सुपारी कातरत म्हणाले. “पन हुशारीले लगाम पाह्यजे ना? मी हिच्यासाठी संस्थेत शब्द टाकला, आन् हिनं माही इज्जत काढली.”

बाबा वाकले. बंगई मागं गेली आणि सरांचे पाय त्यांच्या हातातून सुटले. बाबा तसेच वाकलेले राहिले, बंगई पुढं यायची वाट बघत. पुढं आली तेव्हा त्यांनी दोन्ही पायांना हात लावला आणि तो कपाळाला नेला. सर म्हणाले, “राहू द्या, राहू द्या.” बंगई त्यांनी थांबवली नाही. मी हे सगळं खांबापाशी उभी राहून पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाबांनी पाहिलं. दोघंही वाट बघत होते.

“रेघा मी नव्यानं टाकून देते,” मी म्हणाले. “सगळ्या.” तेवढंच. मान मी ताठ ठेवली.

सरांनी जरा वेळ सुपारी चघळली. “बरं,” ते म्हणाले. “निस्तर तू आपलं आपण.”

बाहेर रस्त्यावर आल्यावर बाबांचा चेहरा उजळला होता. झालं काम, असं ते नांदुऱ्याच्या बसमध्ये वाहकालासुद्धा सांगत होते.

मग मी पुढचं अख्खं वर्ष ती खाडी पुन्हा टाइप केली. या वेळी चष्म्याच्या बाईंना कॉलेजच्या पत्त्यावरून पत्र टाकून भरतीच्या वेळचं चित्र कुठून मागवायचं ते विचारलं. त्यांनी लगेच कळवलं. सही सरांची, पत्र माझं. दोन्ही कडा भरतीच्या पाण्याच्या धरल्या. आता पडद्यावर त्या बऱ्याच ठिकाणी एकमेकींवर बसल्या. माणसानं खाडी गिळलेली नव्हती. पण पुलाच्या वरच्या अंगाला दोन्ही बाजूंनी गाळ धरला होता आणि खाडी तिथं बारीक झाली होती. खारभूमीच्या एका बांधानं एक अख्खी उपखाडी बंद केली होती, ती नव्या चित्रात नव्हतीच. धक्क्याच्या बाजूला तोंड उलट रुंदावलं होतं. माणसाचा हात जिथं लागला होता तिथं तो स्पष्ट दिसत होता, आणि जिथं नव्हता तिथं खाडी आपली आपण होती. ते बघताना मला जो आनंद झाला तो मला पुढं कुठल्याच कामात मिळाला नाही. तो आनंद सांगायला त्या थंडगार खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

सर डॉक्टर झाले. कॉलेजात मोठा सत्कार झाला, शाल, श्रीफळ, फोटो. मार्गदर्शक कोकणातून आले आणि या शिष्यानं चूक कबूल करून ती सुधारण्याचा मोठेपणा कसा दाखवला यावर गहिवरून बोलले. आभारांत सरांनी कम्प्युटरचे आभार मानले. कम्प्युटरचे! मी शेवटच्या रांगेत खुर्च्या मोजायला उभी होते.

जागा निघाली. मुलाखत झाली. सरांच्या मेहुण्याची मुलगी लागली. ती वाईट नव्हती, फक्त तिला यंत्र कुठून सुरू करायचं ते माहीत नव्हतं. ते तिला मी शिकवलं, कारण तसं करायला मला सांगण्यात आलं, आणि आठवडाभर शिकवून झाल्यावर मला यायची गरज नसल्याचंही सांगण्यात आलं. शेवटच्या दिवशी तिनं मला विचारलं, “ताई, ओहोटी म्हणजे काय हो?” मी म्हणाले, सरांना विचार. एवढा दुष्टपणा मी केला आणि तो करताना मला मजा आली.

पुढं मी दुसऱ्या जिल्ह्यात एका हायस्कुलात भूगोलाची बाई म्हणून लागले. मलाही पक्कं केलं. तो हुकूम हातात पडला त्याच दिवशी पेढे घेऊन मी नांदुऱ्याला आले. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते, गुडघे गेले होते. अंगणात खाटेवर बसले होते. मी पेढा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बघितला, तोंडात घातला नाही.

“चांगलं झालं,” ते म्हणाले. “पन ते कालेज होतं, माय. त्या दिवशी तू वाकली असती तं.”

“तुम्ही वाकला होतात ना बाबा. त्यानं काय झालं?”

“माह्या वाकन्याची काय किंमत?” बाबा म्हणाले. “माह्यासारख्यायचं वाकनं त्यायनं जन्मभर पाह्यलं. त्यायले तुह्यं पाह्यजे होतं. तू शिकेल होती.”

मला सरांचा राग यायला हवा होता. हे ओळखूनही मला तिथं नेलं म्हणून तो मला बाबांचा आला. आता बाबाही नाहीत, आणि तो राग अजून गेलेला नाही.